टायरवाल्यांकडची प्रत

...आणि वर मलाच म्हणतात, ‘तुम्हाला घाई फार!’ घाई? अहो, अकरा महिने झाले! अकरा महिने दर रविवारी दोन बस बदलायच्या, तीन मजले चढायचे (लिफ्ट आहे, पण आत शिरलेला माणूस कुठल्या मजल्यावर निघेल ते तिचं तिलाच ठाऊक), धापा टाकत बेल वाजवायची, आणि टायरवाले दार उघडून म्हणणार, ‘या या! पुस्तक ना? आज नको, पुढच्या रविवारी नक्की!’ आणि मी पुढच्या रविवारी पुन्हा हजर. पुस्तकासाठी हो! नाहीतर मला काय पडलंय?

थांबा, मुळापासून सांगतो. मी मोटार कंपन्यांचे जुने इतिहास जमवतो. मोटारी नव्हे, इतिहास! कंपनीला पंचवीस वर्षं झाली की एक जाडजूड ग्रंथ काढतात बघा, पहिल्या पानावर संस्थापकांचा फोटो, दुसऱ्यावर संस्थापकांच्या वडिलांचा, मोटार उगवते ती एकदम चाळिसाव्या पानावर... ते! न वाचता वाटलेले आणि न वाचताच रद्दीत घातलेले. माझ्याकडे त्रेसष्ट आहेत. मुलगी लांब असते, तिचा फोन येतो, ‘बाबा, तुम्हाला गाडी चालवता तरी येते का?’ नाही येत! राजेरजवाड्यांचा इतिहास वाचणाऱ्याला कुणी विचारतं का, तुम्हाला राज्य करता येतं का म्हणून?

पण एक नव्हतं. नेमकं आमच्याच कंपनीचं! मी तिथे स्टोअरमध्ये नटबोल्ट सांभाळायचो आणि आमची ही टायपिंगला. कंपनीला पंचवीस वर्षं झाली, इतिहास लिहिला गेला, दोनशे प्रती निघाल्या. शेवटचं प्रकरण, ‘उज्ज्वल भवितव्य’. आठव्या महिन्यात कंपनीला टाळं! तर तो अख्खा इतिहास टाइप केला हिनं, आणि पान एकशेबारावर ‘अध्यक्षांची दीर्घकालीन धोरणे’ लिहायचं, तिथे ध च्या जागी पडला घ. ‘अध्यक्षांची दीर्घकालीन घोरणे’! तीन साहेबांनी तपासलं, तिघांनी सह्या ठोकल्या, छापून आलं! प्रती मिळाल्या साहेबांना आणि दुकानदारांना. टायपिस्टला कोण देतंय? साहेबांच्या टेबलावर उभ्याउभ्या एकदा बघितलं तिनं, तेवढंच. मग जन्मभर, मी जरा आडवा झालो की, ‘झाली का अध्यक्षांची घोरणे सुरू?’ आणि एकटीच हसत सुटायची. म्हणायची, ‘एक प्रत घरात हवी होती हो.’ सात वर्षं झाली तिला जाऊन.

आता हे टायरवाले. पूर्वी टायरचं दुकान होतं त्यांचं, आता माझाच रोग जडलाय. रद्दीच्या दुकानात वर्षानुवर्षं आम्ही एकमेकांच्या हातातली पुस्तकं पळवत आलो. एक दिवस त्यांचा आपणहून फोन. ‘तुमच्या कंपनीची प्रत आहे माझ्याकडे. या, घेऊन जा.’ मी चपला उलट्यासुलट्या घालून पळालो. गेलो तर चहा. मग त्यांचा संग्रह. मग एका गिऱ्हाइकानं पंक्चर टायर नवा म्हणून परत कसा आणला, त्याची सव्वा तासाची कहाणी. मी म्हटलं, ‘पुस्तक?’ तर म्हणे, ‘कपाटाची किल्ली सुनेकडे, सून माहेरी.’ पुढच्या रविवारी? ‘सून आली हो, किल्ली माहेरी राहिली!’ त्याच्या पुढच्या रविवारी म्हणे, ‘मान धरलीय, हात वर जात नाही.’ अकरा महिन्यांत त्या सुनेची सावली दिसली नाही मला! घरात चपलांचा जोड एक, कप दोन, त्यातला एक माझ्यासाठी विकत आणलेला. कळत होतं सगळं. तरी जायचो. पुस्तकासाठी हो! नाहीतर मला काय पडलंय?

चौथ्या महिन्यात ते चहा ठेवायला आत गेले, आणि माझा हात गेला कपाटाला. कुलूपच नव्हतं! समोरच पुस्तक. सोनेरी अक्षरं, कापडी बांधणी, एकदम झकास. उघडलं... आत भुगा. वाळवी! पहिल्या पानापासून उज्ज्वल भवितव्यापर्यंत सगळं फस्त! मी गुपचूप कपाट लावलं. टायरवाले आले. ‘साखर कमी पडली का? तोंड असं का झालं?’ म्हटलं, ‘छे छे, बरोबर आहे.’ निघताना दारात म्हणतात, ‘मग... पुढच्या रविवारी याल ना?’ आता काय बोलणार? म्हटलं, ‘येणार म्हणजे काय! पुस्तकासाठी यायलाच हवं!’

आणि गेल्या महिन्यात रद्दीवाल्याचा फोन, ‘तुम्ही शोधत होता ते आलंय.’ आणलं! हात धुतले, खुर्चीत बसलो, पान एकशेबारा काढलं. आहे! घोरणे आहे! मी असा हसलो, असा हसलो, डोळ्यांतून पाणी, आणि हसता हसता मान वळवली स्वयंपाकघराकडे, ‘अगं, हे बघ, हे बघ काय...’

...आत भांडंसुद्धा वाजलं नाही.

रविवारी मी चपला घातल्या आणि दोन बस बदलल्या. न जाऊन सांगतो कुणाला?

काल टायरवाले दारातच उभे, चेहरा पांढराफटक. ‘ऐकलंत? रद्दीवाल्याकडे दुसरी प्रत आली होती म्हणे! तुम्हाला... तुम्हाला नाही ना कळलं?’ म्हटलं, ‘कळलं की. धावत गेलो, पण माझ्या आधीच कुणीतरी उचलली.’ ‘अरेरे! फार वाईट झालं,’ म्हणाले, आणि इतक्या आनंदानं म्हणाले म्हणून सांगू! बिस्किटांचा नवा पुडा फोडला. ‘म्हणजे आता माझ्याच प्रतीवर भिस्त म्हणायची तुमची!’

मी बिस्कीट चहात बुडवलं. म्हटलं, ‘हो ना. आता तुमच्याशिवाय आहे कोण मला!’