गच्चीचं टेंडर

(बदलापूर. दिनानाथ आनंदनगरच्या कारखान्यातून खरेदी अधिकारी म्हणून गेल्या वर्षी निवृत्त झाले. समोर पत्नी सुहासिनी आणि उल्हासनगर कॅम्प दोनचा सोलरवाला कमलेश.)

दिनानाथ : थोडक्यात, तुमची निविदा बाद झाली.

कमलेश : बाद कशी साहेब? आलोय तर मी एकटाच.

दिनानाथ : म्हणूनच. एकच निविदा आली की टेंडर रद्द होतं. तीन लागतात.

सुहासिनी : मागे तिघं आले होते. तेव्हा यांचं म्हणणं, भाव सारखे, म्हणजे तुम्ही आपसात ठरवून आलात.

कमलेश : भाभी, गच्चीवर पॅनल मावतात आठ. कोणीपण मोजा, आठच. भाव अलग कुठून आणायचा?

दिनानाथ : सावलीचा अहवालही नाही.

कमलेश : सावलीच नाही ना पण.

दिनानाथ : ते लेखी हवं. सही-शिक्क्यासह.

कमलेश : एक काम करतो. उद्या तीन पाकिटं आणतो. एक माझं, एक सोनियाचं, म्हणजे मिसेसचं, आणि एक सासऱ्यांचं. त्यांचं साड्यांचं दुकान आहे, चालेल ना?

दिनानाथ : पात्रता तपासावी लागेल. पाकिटं सीलबंद आणा.

सुहासिनी : अहो, ते वैतागून बोलतायत. आणि मी? दोन उन्हाळे ओट्याशी घामाघूम होतेय. आधी सोलर, मग एसी, हे तुम्हीच ठरवलंत.

दिनानाथ : समितीत तुझं मत नोंदवलंय.

सुहासिनी : मी म्हटलं, 'घेऊन टाका.' तुम्ही लिहिलंत, 'सदस्या अनुकूल, परंतु उतावीळ.'

दिनानाथ : शिवाय मागच्या भेटीत यांनी पोहे खाल्ले. समिती सदस्येच्या हातचे.

कमलेश : मग साहेब, लाच मी दिली का घेतली?

दिनानाथ : तो मुद्दा कायदेशीर सल्ल्यासाठी पाठवलाय. पुष्करकडे.

सुहासिनी : तुमचा भाचा बारावीत आहे.

दिनानाथ : कॉमर्सला.

सुहासिनी : पुरे झालं. हे पेन घ्या आणि सही करा.

दिनानाथ : सही केली की फाईल बंद होते, सुहास.

सुहासिनी : होऊ दे की.

दिनानाथ : मग उद्या सकाळी दहा वाजता मी काय उघडून बसू?

कमलेश : भाभी, मी जरा बाहेर थांबतो.

सुहासिनी : बसा. पॅनल लागल्यावर रोज वीज किती झाली, ते कोण लिहून ठेवतं?

कमलेश : लिहायचं काय त्यात, मोबाईलवर आपोआप...

सुहासिनी : आमच्याकडे आपोआप नको.

कमलेश : हां. मग रजिस्टर लागणार साहेब. रोज वर जाऊन आकडा बघायचा, पॅनलवरची धूळ बघायची. दुसऱ्या कोणाला जमणारं काम नाही ते.

दिनानाथ : किती वर्षं?

कमलेश : वॉरंटी पंचवीसची आहे.

दिनानाथ : पंचवीस. मी तेव्हा शहाऐंशीचा असेन.

सुहासिनी : मग उशीर कशाला करताय? इथे करा सही.