झिजलेल्या अंगठ्यावर उचललेल्या कर्जाबाबत

मी, खाली अंगठा करणार, गल्लीत गादीवाली आजी म्हणून ओळखतात ती, वय अंदाजे त्र्याहत्तर (जन्मले तेव्हा लिहिता येणारं घरात कुणी नव्हतं), धंदा गाद्या व उश्या शिवणे, शिक्षण नाही, राहणार पाण्याच्या टाकीमागची दुमजली इमारत, तळमजला, जिन्यालगतची खोली. आज रोजी स्वतः पोलीस ठाण्यात येऊन, लिहून घेणाऱ्या ताईंनी विचारल्यावरून सांगते ते येणेप्रमाणे.

मी वरील ठिकाणी मुलगा, सून व नात यांच्यासह राहते. नवरा वारला आहे. मुलगा टेम्पो चालवत असे, सध्या घरी असतो. सून कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला जाते. नातीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आहे. फी महिनाअखेर भरायची आहे, नाही भरली तर जागा दुसऱ्या मुलीला जाईल. माझी कोणाकडे उधारी नाही. वाण्याकडेसुद्धा नाही. तो मला लांबून पाहिलं की आधी सुटे पैसे काढून ठेवतो.

फीसाठी नातीने बँकेत कर्जाचा अर्ज केला. त्यावर घरातल्या मोठ्या माणसाचं नाव सोबत लागतं. सुनेचा पगार हातात मिळतो, त्याला कागद नाही. मुलाचं नाव बँकेला चाललं नाही, का ते तेव्हा मला सांगितलं नाही. माझ्या नावावर नवऱ्याची पेन्शन येते, म्हणून मग मला नेलं. मुलगाही सोबत आला. बँकेतल्या बाईंनी माझी माहिती काढली आणि स्क्रीनवरचं पुन्हा एकदा खालपर्यंत वाचलं. मग म्हणाल्या, "आजी, तुमच्या नावावर दोन कर्जं दिसतायत. लहान फिटत आलंय. मोठ्याचे चार हप्ते थकलेत. तुमचा स्कोअर फार खाली आहे."

स्कोअर म्हणजे काय, असं मी विचारलं. बाई चांगल्या आहेत, त्यांनी न चिडता सांगितलं. कुणी किती कर्ज घेतलं, हप्ते वेळेवर भरले की चुकवले, किती ठिकाणी मागायला गेला, याची नोंद एका जागी जमा होते. त्यावरून माणसाला तीन आकडी मार्क पडतात. मार्क कमी पडले की बँक दारातून परत पाठवते. मी म्हणाले, "म्हणजे माझ्या जन्माची नोंद कुठे नाही, लग्नाची नाही, आणि उधारीची आहे होय!"

नात म्हणाली, "आजी, तू नापास झालीस."

मी म्हणाले, "शाळेत घातलं असतं तर रीतसर नापास झाले असते. ही परीक्षा झाली कधी? मला बोलावलंसुद्धा नाही."

बाई हसल्या. नात हसली. मुलगा हसला नाही.

बाईंनी असंही सांगितलं की आपली नोंद आपल्याला फुकट बघता येते, ती वर्षातून एकदा तरी बघावी, आणि आपलं नसलेलं कर्ज दिसलं तर लगेच तक्रार करावी. नातीने त्याच दिवशी मोबाईलवरून तक्रार केली. काही दिवसांनी उत्तर आलं. कर्ज देणाऱ्या कंपनीचं म्हणणं असं की अंगठा जुळतो, म्हणून कर्ज खरं आहे. आता पोलिसांचा कागद दिला तरच पुढे तपास होईल. म्हणून मी आले आहे.

बँकेत गेलो त्या दिवशी तिथे आणखी एक बोलणं झालं. बाई म्हणाल्या की मोठ्या कर्जावर विमा उतरवलेला आहे. मुलाने विचारलं, "विमा म्हणजे कशाचा?" बाई म्हणाल्या, "कर्ज घेणारा वारला तर राहिलेलं कर्ज विमा कंपनी भरते. घरच्यांवर येत नाही." मुलाने ते पुन्हा एकदा विचारलं. बाईंनी पुन्हा सांगितलं.

त्या संध्याकाळी मुलाने मला पेलाभर दूध गरम करून आणून दिलं. याआधी त्याने कधी दिलेलं नाही. दूध नासलंय म्हणून मी मोरीत ओतलं. नासलं नव्हतं. तेव्हापासून माझं पान मी स्वतः वाढून घेते. सून विचारते, "आई, माझ्या हातचं आवडेनासं झालं का?" मी म्हणते, "तुझ्या हातचं खाऊन इतकी वर्षं जगले, आता जरा जिभेला सुट्टी." रात्री खोलीला आतून कडी लावते. नात माझ्याजवळ झोपते, तिला वाटतं आजीला थंडी वाजते.

अंगठ्याबद्दल विचारल्यावरून सांगते की, गाद्यांना दाभण दाबून दाबून माझ्या उजव्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या आहेत. कुठल्याही यंत्रावर तो लागत नाही. आधी गरम पाण्यात बराच वेळ धरावा लागतो, मग पुसून वर मलम चोळावं लागतं, तेव्हा कुठे यंत्र ओळख देतं. नवऱ्याच्या पेन्शनसाठी दर वर्षी ही आंघोळ घालावी लागते. माझा अंगठा म्हणजे माहेरवाशीण, सगळी कौतुकं झाल्याशिवाय हलत नाही. ही गोष्ट बाहेर कुणाला माहीत नाही. घरातल्यांना माहीत आहे.

लहान कर्जाच्या वेळी मुलगा यंत्र घेऊन आला आणि "पेन्शनचं आहे" म्हणाला. मी अंगठा दिला. त्याचं मला काही वाटलं नाही, मुलावर कोण संशय घेतं?

मोठ्या कर्जाचं सांगते. तारीख सांगता येत नाही. आमचा पंखा बंद पडला होता आणि दुरुस्तीवाला सकाळी येऊन गेला, तो दिवस. दुपारी जेवून मी खिडकीजवळ कापसाच्या पोत्याला टेकून पडले होते. जागी झाले तेव्हा अंगठा ओलसर होता आणि त्याला मलमाचा वास येत होता. सून कामावर होती. नात क्लासला होती. दाराला आतून कडी होती.

संशय कोणावर, असं ताईंनी विचारलं असता मी पंख्यावाल्याचं सांगितलं. ताईंनी ते लिहून घेतलं. मग घरात त्या वेळी आणखी कोण होतं असं विचारलं असता मी पाणी मागितलं. पाणी दिलं. मी ते प्याले.

पाणी प्याल्यावर मी ताईंना सांगितलं की पंख्यावाल्याचं खोडा. तो बिचारा सकाळीच गेला, आणि पंखा अजून फिरत नाही, एवढाच त्याचा गुन्हा. त्याला घरी बायको आहे, दोन लहान पोरी आहेत. त्याचं नाव घे, असं मला इथे येताना रिक्षात शिकवलं होतं. "आई, पंख्यावाला म्हण. त्याला कोण ओळखतंय?" असे शब्द होते. ते बोलताना माझं मनगट धरलेलं होतं. जोरात नाही. पण सोडलं नाही.

तसेच मी झोपेत होते हेही खोडा. मी झोपेत नव्हते.

गरम पाण्याची वाटी हाताला लागली तेव्हाच जाग आली होती. डोळे उघडले नाहीत. दोन माणसं होती. एक अनोळखी म्हणाला, "नाही लागत हो. हाताला रेषाच नाहीत म्हातारीच्या." दुसरा म्हणाला, "थांबा. अजून जरा वेळ पाण्यात धरावा लागतो. मला माहितीय." मग मलम चोळलं. मग यंत्राचा आवाज झाला. अनोळखी म्हणाला, "लागला." तो गेल्यावर दुसऱ्याने दाराला आतून कडी लावली आणि माझ्या पायांवर चादर ओढली.

दुसऱ्याचा आवाज ओळखला काय, असं विचारलं असता, होय.

डोळे का उघडले नाहीत, असं विचारलं असता सांगते की, उघडले असते तर त्याला माझ्याकडे बघावं लागलं असतं, आणि मला त्याच्याकडे. शिवाय मला भीती वाटली. आपल्याच पोटच्या पोराची भीती कशी वाटते ते मला सांगता येणार नाही, ताईंनी लिहिता येईल तसं लिहावं.

तो आवाज माझ्या मुलाचा होता. तो मोबाईलवर पैसे लावून खेळतो. त्याला फोन येतात, तो जिन्यात जाऊन बोलतो, हात जोडून बोलतो. समोरच्याला फोनवर हात दिसत नाहीत हे त्याला कळत नाही. तो मुळात वाईट नाही. दूध चांगल्या मनाने दिलं असेल. विम्याचं सहज विचारलं असेल. माझी एवढीच विनंती आहे की दोन्ही कर्जं माझी नाहीत असा कागद मिळावा, म्हणजे नातीची जागा जाणार नाही. हे कुणी केलं ते नातीला आत्ता कळू नये. पुढे मी स्वतः सांगेन.

मुलगा बाहेर बाकावर बसला आहे. माझ्या औषधांची पिशवी त्याच्या हातात आहे. मला घरी न्यायला तोच आला आहे.

ताई हा जबाब मोठ्याने वाचून दाखवू लागल्या, तेव्हा दार उघडं होतं. मी त्यांना हळू वाचायला सांगितलं. त्यांनी दार लोटलं आणि माझ्या कानाशी येऊन वाचला. मी सांगितल्याप्रमाणे आहे.

(उजव्या हाताचा अंगठा. पहिल्यांदा नीट उठला नाही, म्हणून दुसऱ्यांदा घेतला.)