माझं पडणं सगळ्यांनी पाहिलं, मी सोडून

तुमच्या डोळ्यांसमोर एखादी बाई पडली, डोळे फिरवून हातपाय झाडायला लागली, तर तुमी काय करता? खरं सांगा. तिला कुशीवर करता, का हात जोडता, का खिशातला मोबाईल काढता? मी हे कावून विचारते ते पुढं कळंलच. आधी माझं कोण-कुठलं ते सांगते. ताई, तुमी लिहून घ्या, आणि नाव बी लिहा, सुनंदा म्हणून. नाव झाकलं की लोकांना वाटतं बाईनं काहीतरी वंगाळ केलतं.

माझं माहेर शिरूर कासारकडलं. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, घरातले टाक, मूर्ती सगळं टोपल्यात भरलं आणि नदीत सोडून आले, आणि मागं वळून बघितलं न्हाई म्हणायचे. वडील आणि आई ऊस तोडायला जायचे, आमी लेकरं कारखान्यावरच्या पाचटाच्या कोपीत वाढलो, पण कोपीत बी संध्याकाळची वंदना चुकली न्हाई. शेजारच्या कोपीत कुणाच्या अंगात आलं, हलगी वाजायला लागली, की आई आमाला आत वढायची. म्हणायची, बघायला जाऊ नका, ती बाई दमलीय, तिला दोन घास आणि झोप पाहिजे. अशा घरातली मी. काय सांगू तुमाला, माझ्याच कपाळाला कुंकू फासून लोक माझ्या पाया पडतील असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला येड्यात काढलं असतं.

लग्न होऊन मी इकडं आले, चकलांब्याच्या अलीकडं आमचं गाव हाय. सासऱ्यांनी पिठाची गिरणी टाकलेली. आमचे हे, प्रकाश त्यांचं नाव, पाण्यातल्या मोटारी दुरुस्त करतात, म्हणून गिरणी मीच चालवते. चालवत होते म्हणा. अर्ध्या गावाचं दळण आमच्याकडं, अर्ध्या गावाचं वेशीजवळच्या गिरणीत. तिकडं कावून जातात ते सगळ्यांना ठाऊक हाय, बोलत कुणी न्हाई. एकदा मी एका बाईला विचारलं, की आमच्या पिठाला काय वास येतो का बाई? तर म्हणाली, तसं न्हाई गं, ती गिरणी जवळ पडती. जवळ! तिच्या घराची भिंत आमच्या गिरणीला लागून हाय.

तर दोनेक वर्सं झाली असतील, मला हे सुरू झालं. आधी तोंडात लोखंडाची चव येती. मग काहीच न्हाई. मग डोळे उघडते तर मी खाली, जीभ चावलेली, अंग ठेचल्यावानी, आणि साडी ओली. ही साडीची गोष्ट मी किती दिवस ह्यांना बी सांगितली न्हाई. आपली आपण धुवायची, आत वाळत घालायची, कुणी विचारलं तर पाणी सांडलं म्हणायचं. चाळिशीच्या बाईनं असं लेकरावानी करावं, आणि ते तिला कळू बी नये, ह्याची लई लाज वाटती, ताई. आजार असता तर सांगितलं असतं. पण आजार हाय का तेच कुणी सांगंना.

गेवराईच्या डॉक्टरनं अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं. मग बीडला गेलो. मेंदूचा फोटो काढला, डोक्याला वायरी लावून कागदावर रेघा काढल्या, रक्त तपासलं, छातीची पट्टी काढली. सगळं नॉर्मल. हे खूश झाले. पण गावात ती बातमी आली आणि जाऊबाई भांडी घासता घासता म्हणाल्या, नॉर्मल हाय तर मग पडती कशाला? दळणाचा कंटाळा आला असंल. हसत म्हणाल्या, पण मला लागलं. आणि खरं सांगते, मी बी रात्री पडल्या पडल्या विचार करायचे, की मी मुद्दाम तर करत न्हाई ना? आपल्याच अंगाचा आपल्याला संशय यायला लागला की माणसानं कुणाकडं बघायचं?

बीडच्या डॉक्टर मॅडम चांगल्या हायत. त्यांनी नीट बसवून सांगितलं, की मावशी, ह्यात तीन गोष्टी असू शकतात. फीट असू शकती, हृदयाचं काही असू शकतं, नाहीतर मनावरच्या ताणानं बी असं होतं, आणि तेही खरंच असतं, नाटक नसतं. पण तिन्हीची औषधं निराळी. चुकीची गोळी वर्सानुवर्सं खाऊन उपयोग न्हाई. मला तुमचं पडणं बघायचंय. पुढच्या येळंला पडलात की घरच्यांनी मोबाईलवर शूटिंग करा, सुरुवातीपासून. मान कुठं वळती, कोणता हात आधी हलतो, त्यावरून लई कळतं.

मी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी खाली बघितलं. घरी येऊन म्हणाले, मी कसं करू गं? तू तशी पडलेली, आणि मी फोन धरून उभा राहू? तरी एकदा केलं त्यांनी. नंतर लावून बघितलं तर त्यात नुसती फरशी दिसती, माझ्या पायाचा अंगठा दिसतो, आणि ह्यांचा आवाज, सुने, सुने, उठ की गं. बाकी काही न्हाई. मॅडमला ते दाखवायची आमाला दोघांना बी लाज वाटली. दाखवलं न्हाई.

आणि मग गिरणीतलं झालं. मला त्यातलं काही आठवत न्हाई, लोकांनी सांगितलं तेच मी सांगते. मंगळवार होता. दळणाला गर्दी, डब्यांची रांग दारापर्यंत. मी बाजरी वर ओतत होते आणि तिथंच पडले. गिरणीच्या फिरत्या पट्ट्याकडं न्हाई पडले ते नशीब. पडताना पिठाचा डबा अंगावर आला. सगळं तोंड पांढरं, केस सुटलेले, मान हालतीय, तोंडातून आवाज. कुणीतरी म्हणालं, देवी आली. एकीनं म्हणलं आणि सगळ्या बसल्या की खाली हात जोडून. गिरणी कुणी बंद केली न्हाई, ती तशीच चालू. मला कुशीवर कुणी केलं न्हाई. भिंतीपलीकडून ती जवळवाली बाई आली, हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आली, आणि माझा मळवट भरला. ज्या बाया आमच्या गिरणीच्या दगडाला आपले दाणे लागू देत न्हाईत त्या बी धावत आल्या आणि माझ्या पायावर डोकं ठेवून गेल्या. माणूस म्हणून चालत न्हाई, पण देवी म्हणून चालते. हे लिहा तुमी, ताई, असंच लिहा.

संभा म्हणून हाय, गेवराईला जीप चालवतो. तो बी दळण घेऊन आलता. तो गर्दीचं शूटिंग करतच होता, म्हणून मी बाजरी ओतताना पडले ते सुरुवातीपासून त्यात आलं, आणि त्यानं ते टाकलं ग्रुपवर.

आमाला कळलं ते लेकीच्या फोननं. प्रज्ञा गेवराईला शिकती, हॉस्टेलला राहती. रडत म्हणाली, आई, तू माझ्या मैत्रिणीच्या मोबाईलमध्ये हायस. मला वाटलं काय म्हणती ही. मग म्हणाली, तुझी साडी गुडघ्याच्या वर हाय, आई. आणि फोन ठेवला. तिला ओली साडी बी दिसली असणार. ती म्हणाली न्हाई, मी विचारलं न्हाई.

हे तडक संभाच्या दारात. काय बे संभ्या, तुझ्या आईला असं दाखवशील का गावाला? संभा म्हणाला, दादा, मी शिवी दिली का? देवी म्हणून टाकलं, लोक नमस्कार करायलेत. ह्यांनी त्याच्या छातीवर उभं राहून ते पुसायला लावलं. मग पारावर गेले, एकेकाचा मोबाईल बघितला. विहारातली आमची माणसं बी संगं होती, ती बी भडकलेली, की आपल्या बाईला देवी कोण म्हणतो. आठ दिवसांत तो व्हिडिओ गावात कुणाकडं राहिला न्हाई. मला बरं वाटलं. अंगावर पदर घेतल्यावानी वाटलं.

मग ठरलेल्या दिवशी बीडला गेलो. मॅडमनी विचारलं, शूटिंग झालं का? ह्यांनी सगळं सांगितलं, अगदी ऐटीत सांगितलं, की मॅडम, एक एक करून पुसून टाकला. मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला. मग म्हणाल्या, किती चांगला होता हो तो, अगदी सुरुवातीपासून होता म्हणता. मला तोच पाहिजे होता.

बाहेर येऊन हे दवाखान्याच्या पायरीवर बसले. म्हणाले, मीच पुसला गं. मी म्हणलं, माझ्यासाठीच पुसला ना. पण आता मागायचा कुणी? ह्यांनी शिव्या दिलेल्या दारात हे कसे जाणार. मग मी गेले. ताई, ते जाणं लई अवघड. दारात उभं राहायचं आणि विचारायचं, माझा तो व्हिडिओ हाय का तुमच्याकडं? ज्यात मी उघडी पडलेय तो. पाया पडलेल्या बाया म्हणाल्या, कसला व्हिडिओ? आमी न्हाई बाई बघितला. एकजण दार लोटून घेत आतल्याला म्हणाली, देवी आली बघ चौकशीला. संभा हसला, म्हणाला, काय वहिनी, तवा पुसा म्हणायचं, आता आणा म्हणायचं, फेमस व्हायचंय का? मी म्हणलं, भाऊ, डॉक्टरला दाखवायचाय. तवा त्याचं हसू गेलं. म्हणाला, तो मोबाईलच मी बदलला, नवा घेतला. मग बारीक आवाजात म्हणाला, गोदाआजीकडं बघा. ती मंगळवारी त्याची पूजा करती.

गोदाआजी वेशीकडं राहती. तिचा लेक टोळीसंगं कर्नाटकात ऊसाला गेला, टोळी आली, तो आला न्हाई. फोन न्हाई, निरोप न्हाई. घरात आजी आणि सून. मी गेले तर आजीनं मला खाली बसू दिलं न्हाई, पाट दिला, आणि पाय धुवायला पाणी आणलं. मी पाय मागं घेतले. म्हणलं, आजी, असं करू नका, मी देवी न्हाई, मी आजारी हाय.

ती म्हणाली, असं म्हणू नको. सगळ्यांनी पुसलं, मी सुनेला म्हणलं पुसू नको, देवीला पुसायचं असतं व्हय. मी तुला इचारलं तवा, की माझा लेक येईल का? तू मान हालवलीस. तीनदा हालवलीस. हो म्हणालीस.

काय बोलू मी? माझी मान हालतच होती, आजी. ती समद्यांनाच हालत होती. तिला मी हे सांगितलं. सांगायला नको होतं का, ताई? मला अजून कळत न्हाई. तिच्या जवळ तेवढंच होतं. पण खोटं मी कसं बोलू, माझ्या आजोबांनी टोपलं नदीत सोडलेलं. आजीनं पाय धुवायचं पाणी उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, मग माझ्या लेकाचं कुणाला इचारू? आणि सुनेला म्हणाली, दे तिला, तिचं हाय ते.

तिथंच मी पहिल्यांदा मला बघितलं. लोकांनी त्याला देवीचं गाणं लावलेलं, कडंनं फुलं पडतायत, आणि मधी मी. ते तोंड माझं हाय हे मला पटंना. साडी दिसली, ओली दिसली, प्रज्ञाला दिसली तशीच. पाया पडणारे हात दिसले. आणि एक गोंदलेला म्हातारा हात दिसला, त्यानं माझी साडी खाली ओढली, पायावर नीट केली. त्या गर्दीत तेवढा एकच. मी आजीच्या हाताकडं बघितलं. ती तवर उठून चुलीकडं गेलती.

तो व्हिडिओ मॅडमनी दोन-तीनदा बघितला. म्हणाल्या, उपयोग झाला, फीटच असावी असं वाटतंय, पण खात्रीनं अजून सांगता येत न्हाई. कुणीतरी सुरुवातीचा भाग कापून गाणं जोडलंय, हा सुरू होतो तवा तुमी आधीच खाली हायत, आणि आवाज बी गेलाय. औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात वायरी लावून कॅमेऱ्यापुढं दोन-तीन दिवस ठेवतात, तिथं नंबर लावलाय. नंबर अजून आला न्हाई. आणि तिथं त्या दिवसांत मी पडलेच न्हाई तर? तोवर मी गिरणीच्या दारात बसून दळण घेते, पट्ट्याजवळ हे जातात. मंगळवारी कुणी नारळ घेऊन आलं तर मी परत देते. गोदाआजी आता दळण आमच्याकडंच आणती, डबा ठेवती, बोलत न्हाई. तिच्या लेकाचं भलं होवो, त्याला घराची वाट दिसो, एवढं मी मनात म्हणते.

आता तुमचं काम. गावात न्हाई, पण गावाबाहेर तो पुसायच्या आधी लई लांब गेलता. गेवराईत, बीडमध्ये, कारखान्यांवर, कुणाकुणाच्या मोबाईलात तो असंल. गाणं न लावलेला, न कापलेला, बाजरी ओतणारी बाई दिसती तिथून सुरू होणारा. तुमी बघा आपल्या मोबाईलात, शेजाऱ्याच्या बघा. सापडला तर पुढं कुणाला पाठवू नका, आणि लाजून पुसूही नका. आमच्या गिरणीवर आणून द्या. कावून ठेवलता असं मी कुणाला विचारणार न्हाई. ज्याच्याकडं मी अजून उभी हाय, त्यानं तेवढं आणून द्यावं.