शोभाताईंसाठी ठेवलेली उसंत

जमलेल्या सगळ्या मंडळींना नमस्कार. सुलभावहिनी, तुमी अनंतदादांच्या घरच्या, तुमच्यापुढं दादांबद्दल मी काय सांगावं? पण कुणीतरी बोलायला पाहिजे, म्हणून उभी राहिले.

मी मीरा. सेलूतल्या कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर जो प्रोग्राम चालतो, तो अनंतदादांनी लिहिला. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून शिकले. दादा गेले, हे मला कळतंय. पटत न्हाई. दुपारी जरा डोळा लागला की दादा दिसतात. खिडकीतून कापसाचे तंतू आत येतात, उन्हात तरंगत राहतात, दादांच्या केसांवर उतरतात. दादा ते झटकत बी न्हाईत. म्हणतात, "मीरा, हळू. कुणाची घाई हाय?" जाग येते तेव्हा खुर्ची रिकामी असते, आणि तंतू मात्र तसेच तरंगायलेत.

आज तुमाला एकच गोष्ट सांगते. प्रोग्राम नवीन होता तेव्हा काट्यावर शोभाताई होत्या. त्या बघा, मागं बसल्यात. स्क्रीनवर पुढच्या गाडीवाल्याचं नाव आलं की ताई खिडकीतून हाक मारायच्या. नुसती हाक न्हाई. "काय बापू, सूनबाई आल्या का माहेराहून?" बापू सांगायचे, ताई ऐकायच्या, तेवढ्यात स्क्रीनवर पुढची गाडी यायची. मग एकाचं वजन दुसऱ्याच्या नावावर. लय गोंधळ व्हायचा.

मी चिडले. म्हणलं, "दादा, ताईंना सांगा की, गप्पा बंद करा." दादा हसले. म्हणले, "ताईंला कशाला बदलायचं? आपलं लिहिलेलं बदलू." अर्धा दिवस काट्याजवळच्या बाकड्यावर जाऊन बसले. नुसते बघत. परत आले आणि प्रोग्रामात दोन गाड्यांच्या मधी थोडी उसंत टाकली. ताईंचं बोलणं संपेपर्यंत पुढचं नाव येईना. गोंधळ मिटला.

लोकांना वाटतं प्रोग्राम डोक्यानं वाढतो. आमच्याकडं तो कुणाच्या भिडेनं वाढला, कुणाच्या भीतीनं वाढला. आणि तेवढा तुकडा मायेनं वाढला.

पण मंडळी, आता ताई घरी असतात. नावं मोठ्या पाटीवर आपोआप दिसतात. हाक मारायला कुणी न्हाई. उसंत मात्र तिथंच हाय. हंगामात ट्रॅक्टरची रांग रस्त्यापर्यंत जाते, आणि प्रत्येक गाडीमागं प्रोग्राम उगीच थांबतो. आमाला सगळ्यांना ठाऊक हाय. पण हात कोण लावणार? "दादांनी लिहिलंय, राहू द्या." खंडेनवमीला आपण कंप्युटरला हळदीकुंकू वाहतो आणि त्या दिवशी त्याला शिवत न्हाई. दादा गेल्यापासून आमच्या ऑफिसात रोजच खंडेनवमी हाय. त्या तुकड्याला वळसा घालून लिहायलोत, ठिगळावर ठिगळ लावायलोत. दादांना हे आवडलं असतं का? दादा स्वतःचं जुनं लिहिलेलं सकाळी काढून टाकायचे आणि दुपारी विसरून जायचे. देव्हारा आमी केला, त्यांनी न्हाई.

आत्ता इथं येताना दारात ताईंनी माझा हात धरला. म्हणल्या, "परवा काट्यावरून आले गं. माणसं उन्हात बसलीत. तुमी अजून माझ्यासाठी थांबायलाव का?"

खरं म्हणजे आमी ताईंसाठी थांबलो नव्हतो. दादांसाठी थांबलो होतो. प्रोग्रामातल्या तेवढ्या चार ओळींत दादा अजून बसलेत असं मला वाटायचं. त्या पुसल्या की दादा खरंच जातील, ही भीती होती. आजबी हाय.

वहिनी, ताई, उद्या सकाळी मी त्या ओळी काढणार हाय. दादांच्या हातच्या, माझ्या हातानं. उन्हात माणूस बसलेला दिसला असता तर दादांनी जेवण सोडून काढल्या असत्या.

आता सगळे उभे राहूया, आणि थोडा वेळ कुणी काही बोलू नका. दादांसाठी मागायला माझ्याकडं काही न्हाई, ते शांत माणूस होते. माझ्या हाताला बळ मिळावं, एवढं मनातल्या मनात मागा.