गळपूजन

(औशाजवळचं एक तळं. काठावर मंडप, चारी बाजूंनी कनाती. फेटे बांधून बसलेल्या माजी सैनिकांत पुढच्या रांगेत सुभेदार वैजनाथ आणि निलंग्याचे हवालदार नजीर. माईकपाशी शिबिर भरवणाऱ्या संस्थेचे सचिव शिवशंकर.)

शिवशंकर : बंधूंनो! आजपासून मराठवाड्याच्या शूर जवानांच्या मनाला मोकळं आकाश मिळणार आहे! इतिहास या क्षणाची नोंद घेईल!

वैजनाथ : घील की. आधी हे वरचं कापड काढा, शिवशंकरराव. आकाश त्याच्यावर हाय.

शिवशंकर : सुभेदारसाहेब, ते उन्हासाठी आहे.

वैजनाथ : अन् बाजूच्या कनाती?

शिवशंकर : वाऱ्यासाठी. बॅनर फडफडतो, अध्यक्षांचं नाव वाचता येत नाही.

वैजनाथ : म्हंजे ऊन न्हाई, वारा न्हाई, तळं दिसंना. शिबिराचं नाव काय म्हणलात?

शिवशंकर : 'निसर्गाच्या कुशीत मनःशांती'.

वैजनाथ : कुशीत न्हाई, काखेत हाव आम्ही. वासावरून कळून राहिलं.

नजीर : वैजू, निलंग्याची यष्टी किती वाजता हाय रे?

वैजनाथ : थांब नजीरभाई, आत्ता सोडतेत पाण्यावर. शिवशंकरराव, सोडा की आता. सकाळपासून बसवून ठिवलंय.

शिवशंकर : अध्यक्ष आल्याशिवाय कसं? घाटाच्या पायरीला फीत बांधलीय. ती कापली की निसर्ग सुरू.

वैजनाथ : अन् अध्यक्ष कुठं हायेत?

शिवशंकर : सकाळी एक जावळ होतं. आता लग्नात आहेत. अक्षता पडल्या की निघालेच.

वैजनाथ : वाटंत कुणाचं तेरावं नसंल ना?

शिवशंकर : आहे, पण ते रस्त्यावरच आहे. गाडीतून उतरायचं, हात जोडायचे, निघायचं.

वैजनाथ : अन् टेबलावर त्या गळाच्या काठ्यांना काय केलंय? हळद-कुंकू?

शिवशंकर : गळपूजन! माझीच कल्पना. जवानांची शस्त्रपूजा असते, मग मासेमारी करणाऱ्या जवानांची गळपूजा नको? नारळ फोडताना एक काठी मोडली तेवढी.

वैजनाथ : मी तोफंवर काम केलंय. तिलासुदिक दसऱ्यालाच कुंकू लागायचं. मासे काय ओवाळून घ्यायला काठावर येणार हायेत?

नजीर : वैजू, हितनं बाहेर जायला एकच वाट हाय. अन् तिथं ढोलवाले बसलेत.

वैजनाथ : बघितलं मी. पाणी पी जरा. शिवशंकरराव, हिकडं या. कानात सांगतो. ह्यो माणूस पेन्शनीत आल्यापासून घराबाहेर पडला न्हाई. न्हावीसुदिक घरी येतो. हाजराभाभी रडून थकली. मी म्हणलो, तळ्याकाठी गळ टाकून बसू, कुणी काही इचारणार न्हाई. तेवढ्या बोलीवर त्यानं उंबरा ओलांडला. आज तसाच माघारी गेला, तर माझ्या शब्दावर पुन्हा येणार न्हाई. कुणाच्याच न्हाई. ती तळ्याकडची कनात तेवढी सोडा.

शिवशंकर : अरे वा! वा वा वा!

वैजनाथ : वा काय?

शिवशंकर : अहो, अशीच केस हवी होती! यांनाच स्टेजवर घेऊ. अध्यक्षांसमोर दोन मिनिटं व्यथा. रडू आलं तर आवरायचं नाही, फक्त तोंड डावीकडे ठेवायचं. कॅमेरा तिकडे आहे.

वैजनाथ : थू!

शिवशंकर : अहो, गालिचा भाड्याचा आहे.

वैजनाथ : माणूसबी भाड्यानं आणलाय का तुम्ही? चार पोरं ढोल घेऊन, एक फेटेवाला, दोन फोटोवाले, अन् मन बरं करायला आलेला माणूस स्टेजवर रडायला. मळमळून राहिलं मला.

शिवशंकर : सकाळच्या पोह्यांनी असेल, बऱ्याच जणांना होतंय. नमस्कार, हवालदारसाहेब! जरा सांगा बरं, घरी नेमकं काय होतं तुम्हाला?

वैजनाथ : नजीरभाई, काही सांगू नको.

नजीर : सांगतो की. त्यात काय. मी दाराकडं तोंड करून बसतो. हाजरा म्हणती, कोण येणार हाय? मी म्हणतो, कुणी न्हाई. तरी बसतो. रातभर बसतो. वैजू तळ्याचं बोलला तवा वाटलं, पाण्याच्या बाजूनं तर कुणी येत न्हाई. म्हणून आलो.

शिवशंकर : ...हेच! अगदी हेच माईकवर बोला! फक्त हाजरा नका म्हणू, 'माझी वीरपत्नी' म्हणा.

वैजनाथ : अवो, वीरपत्नी शहीद जवानाच्या बायकोला म्हणतेत. ह्यो जित्ता हाय.

शिवशंकर : भाषणाच्या ओघात चालतं.

नजीर : वैजू, ह्या कनातीची खालची दोरी धर.

वैजनाथ : धरली. गाठ लई खराब मारलीय. तू वरची सोड. हां, ओढ आता.

शिवशंकर : अहो! अहो, कनात पाडली की! हवालदारसाहेब, तो मधला गळ उचलू नका, तो अध्यक्षांचा आहे! हार घातलाय त्याला!

वैजनाथ : हार काढून ठिवला त्यानं. अध्यक्षांच्या खुर्चीवर. बघा, किती अदबीनं.

शिवशंकर : फीत! अहो, फितीखालून वाकून चालले! आणि हे बाकीचे कुठे उठले? बसा, बसा! फोटोत खुर्च्या रिकाम्या दिसतील!

वैजनाथ : पन्नाशीची गडी माणसं कशी पळून राहिलीत बघा. एकानं तर फेटा पाण्यात बुडवून डोक्यावर पिळला.

शिवशंकर : थांबा, फोन आला. हॅलो, साहेब? निघालात? हो हो, सगळे आपलीच वाट बघतायत. अगदी शिस्तीत बसलेत. हो, एका रांगेत. नाही, स्टेजकडे नाही... पाण्याकडे तोंड करून. ध्यान चालू आहे, साहेब.

वैजनाथ : नजीरभाई, ह्या दगडावर बसू का मी? का लांब बसू?

नजीर : बस. पर मागं बस.

वैजनाथ : पाठीमागं?

नजीर : हाव. तू हिकडं बघ, मी तिकडं बघतो.

वैजनाथ : बघतो. तू निवांत बस.

शिवशंकर : हवालदारसाहेब, हात जोडतो. अध्यक्ष आल्यावर निदान एवढं म्हणा, की संस्थेमुळे तुमच्या जीवनात नवी पहाट उगवली. पाठमोरे बोललात तरी चालेल. आम्ही तुमच्यासाठी काय करायचं बाकी ठेवलंय, सांगा?

नजीर : सचिवसाहेब, तिकडं आचारी पुऱ्या लाटून राहिला. त्याच्याकडून कणकीचा एवढुसा गोळा आणता का? गळाला लावायला काही न्हाई.