वाकडी चटई

आधी मला हे सांगा, या हॉलच्या कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली आमची चटई आज सकाळी कचऱ्याच्या गाडीत कोणी टाकली?

बरं, रीत मोडायला नको. सन्माननीय अध्यक्ष, स्टेजवरचे पाहुणे, शाळेचे मोठे सर, चित्रकलेच्या बाई, पालकमंडळी आणि खाली दाटीवाटीने बसलेली माझी पोरं, सगळ्यांना या म्हातारीचा नमस्कार. सुईत दोरा ओवता येईना म्हणून मी थांबतेय आणि तुम्ही मला निरोप देताय. माझी स्वतःची शाळा दुसरीतच संपली. इथे मात्र सहा वर्षं टिकले. दर शुक्रवारी यायचं आणि पोरांना चिंध्यांच्या वेण्या घालायला शिकवायचं.

पहिल्या वर्षी एका आईने कोरं कापड फाडून पाठवलं, दुकानाची चिठ्ठीसुद्धा तशीच! म्हणाली, "आजी, शाळेत जुनं कसं पाठवू? लोक काय म्हणतील?" म्हटलं, "लोकांनाही घेऊन ये गं, त्यांच्याही विजारी फाटल्या असतील."

यंदा चाळीस पोरांनी मिळून एकच चटई करायची ठरली. घरातलं विटलेलं कापड आणायचं, वेण्या घालायच्या, दाभणाने एकीला एक जोडायच्या. एका मुलीची वेणी वाकडी. मी उसवली. तिने पुन्हा वाकडीच लावली. तिसऱ्यांदा कान धरला तर म्हणते, "आजी, आमच्या घराचा रस्ता असाच आहे." झालं! सगळ्यांनाच आपापला रस्ता आठवला. एकाचं घर चढावर, त्याने मध्येच उंचवटा केला. एकीने भोक ठेवलं. हे काय गं? तर म्हणे, "खड्डा आहे. बाबा तक्रार करून थकले."

सहा महिने गेले. चटईवर बसायची सोय उरली नाही, पण पोरं तिच्यावर बोट फिरवत एकमेकांच्या घरी जाऊन यायची.

आणि आज माझ्याच समारंभासाठी झाडलोट झाली. शिपाई म्हणतो, "बाईंनी कोपरा मोकळा करायला सांगितला." बाई म्हणतात, "पाहुणे येणार, आवरून घ्या, असं सर म्हणाले." सर म्हणतात, "मी फक्त स्वच्छता म्हणालो." खोटं कुणीच बोलत नाही. मग मी भांडू तरी कुणाशी?

खरं सांगू? मलाच काही कळेनासं झालंय. सरळ करून घेतली असती, तर चटई म्हणून ओळखू आली असती, वाचली असती. मग ती माझ्यामुळे गेली का? की कुणी उलगडून बघितलं नाही म्हणून गेली? मघाशी दारात ती वाकड्या रस्त्याची मुलगी भेटली. रडली नाही. एवढंच विचारलं, "आजी, पुढची सरळ करायची का?" मी तिचा हात धरून तिला आत आणलं, तिसऱ्या रांगेत बसवलं.

बोलावलंत, मान दिलात, आभारी आहे. तोंडाची फटकळ आहे, कुणाला लागलं असेल तर पोटात घाला.

आता ऊठ गं, तिसऱ्या रांगेतली. उभी राहा आणि मला विचारलंस तेच मोठ्याने विचार. बाई, तुम्ही बोलायचं नाही. शिपायाकडेही कुणी बघायचं नाही. मोठे सर, उत्तर तुम्ही द्यायचं, आणि माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघून.