हॅटवाले पाहुणे

सोल : हळू बोल, बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल. पाहुण्यांनी मला आत्ता काय विचारलं ते ऐक. सूप छान झालंय म्हणाले, पण त्यात घालायला थोडं खारवलेलं डुक्कर मिळेल का?

आर्विद : परीक्षा घेत असतील आपली.

सोल : कसली परीक्षा?

आर्विद : ज्यूंचे नियम आपण पाळतो की नाही, त्याची. सोल, आपलं गाव एवढंसं, सिनेगॉग त्याहून लहान. आज संध्याकाळपासून नव्या वर्षाच्या प्रार्थना त्यांनाच गायच्यात. प्रार्थना गाणारा हझान परक्या गावात आला, की खात्री करून घेणारच. तू काय म्हणालीस?

सोल : नाही म्हटलं. तर म्हणाले, राहू दे, मग वरून चीज किसून घाला. कोंबडीच्या सुपात चीज.

आर्विद : बघ. आधी डुक्कर, मग मांसात दूध, आपल्याला वर्ज्य तेच नेमकं मागून बघतायत. पक्का माणूस आहे.

सोल : तू त्यांना नाव विचारलंस का?

आर्विद : नाव कशाला विचारायचं? काळी हॅट, काळा कोट, छातीपर्यंत दाढी, आणि ते बाकदार नाक तर तू बघितलंसच. आजोबांच्या जुन्या फोटोतून उतरून आल्यासारखे. मी फलाटावर जवळ जाऊन म्हटलं, आमच्याकडेच आलात ना? तर म्हणाले, हो, केव्हाची वाट बघतोय.

सोल : कुठल्या भाषेत?

आर्विद : आपल्या नॉर्वेजियनमध्ये. मला इतकं बरं वाटलं. फोनवर इंग्रजी बोलत होते, आणि येण्याआधी भाषा शिकून आले.

सोल : तीही डोंगरातल्या शेतकऱ्यांच्या हेलात.

आर्विद : शिकवणारा तिकडचा असेल.

सोल : आणि येताना मोटारीत काय बोललात?

आर्विद : सिनेगॉगचंच. फार बारीक चौकशी केली. बांधणी कधीची, लाकूड कुठलं, पावसात गळती होते का, माणसं किती मावतात. मी म्हटलं, मावतात साठ, पण येतात वीसच. तर म्हणाले, वीससुद्धा जास्त झाले, बुडायची भीती असते. मला वाटलं, पापांबद्दल बोलतायत.

सोल : आर्विद, ते मोटारबोट विकत घ्यायला आलेत.

आर्विद : काय?

सोल : मघाशी मला म्हणाले, तुमच्या यजमानांचं जेवण झालं की धक्क्यावर जाऊ, इंजिन चालू करून दाखवायला सांगा. विकणारा स्टेशनवर घ्यायला येणार होता त्यांना. तो तू, असं त्यांना वाटलं.

आर्विद : मी त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं, सोल. फलाटावर.

सोल : त्याबद्दलही बोलले. किनाऱ्यावरची माणसं फार मोकळी असतात म्हणाले. आता मला सांग, त्या आगगाडीतून दुसरं कोण उतरलं?

आर्विद : कुणीच नाही. म्हणजे, एक म्हातारी, कुत्र्याला घेऊन. शाळेची मुलं. आणि एक आफ्रिकेतला गृहस्थ. तो बाकावर बसला होता. फार सभ्य माणूस. मी त्यालाच विचारलं, इथे काळी हॅट घातलेले कुणी ज्यू पाहुणे दिसले का. त्याने हात करून दाखवलं, ते बघा, तिकडे उभे आहेत.

सोल : त्याच्याजवळ सामान काय होतं?

आर्विद : एक बॅग. आणि मांडीवर कापडात गुंडाळलेलं काहीतरी, लांब, वाकडं. कसलं तरी वाद्य असावं.

सोल : शिंग असेल. उद्या सकाळी प्रार्थनेत फुंकायचं.

आर्विद : पण त्यांचं नाव एलाझार आहे. मी त्यांना फोनवर गाताना ऐकलंय. अगदी आमच्या आजोबांच्या गावचा आवाज.

सोल : आणि आवाजावरून तू नाकसुद्धा ठरवून टाकलंस.

आर्विद : सोल.

सोल : मी कासाब्लांकाहून ह्या घरात आले, तेव्हा तुझ्या आईने मला मेणबत्त्या लावतानाची प्रार्थना पुन्हापुन्हा म्हणायला लावली. मला खरंच येते की मी पाठ करून आलेय, ते बघायला. तेव्हा तू मला काय म्हणालास? आईने जग कुठे बघितलंय, तिचं मनावर घेऊ नकोस.

आर्विद : आठवतंय मला.

सोल : मग जा आता. हे महाशय इथेच असू देत, मी त्यांच्या बोटवाल्याला शोधते. बिचारे मनापासून जेवतायत.

(रेल्वे स्टेशन. फलाटावर एकच बाक.)

एलाझार : तुम्ही मघाशी आला होतात ना? तुमचे पाहुणे भेटले?

आर्विद : ते बोट विकत घ्यायला आलेत, आणि आत्ता आमच्या घरी तुमच्या वाटणीचं सूप पितायत. माझे पाहुणे तुम्ही आहात. मी आर्विद. फोनवर आपलं बोलणं झालं होतं.

एलाझार : तुम्ही आर्विद?

आर्विद : हो.

एलाझार : मला वाटलं होतं, ठेंगणा, सावळा, जाड चष्म्याचा माणूस येईल. तुमचे पिवळे केस आणि ते गमबूट बघून मी म्हटलं, सिनेगॉगवाल्यांनी कुणा कोळ्याला गाडी देऊन पाठवलेलं दिसतंय.

आर्विद : लहानपणापासून हेच चाललंय. शाळेत पोरं ज्यूंवरचे विनोद माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगायची. मीही हसायचो. घरी आलो की मग जेवण जात नसे.

एलाझार : म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे.

आर्विद : ठाऊक आहे, म्हणूनच जास्त लाज वाटते. मला एकदा तरी आमच्या सिनेगॉगात चित्रातल्यासारखा ज्यू उभा राहिलेला बघायचा होता. म्हणजे मी त्याच्या शेजारी उभा राहिलो, की मीही तसा दिसेन.

एलाझार : मी त्या हॅटवाल्याकडे हात केला, तेव्हा मला काय वाटलं सांगू? ह्यांना कुणीतरी माझ्याबद्दल कळवलं, आणि ह्यांनी ऐनवेळी दुसरा हझान बोलावला. असं एकदा झालंय माझ्या बाबतीत. म्हणून मी परतीचं तिकीट काढलं.

आर्विद : गाडी कधीची आहे?

एलाझार : येईलच आता.

आर्विद : तुम्ही गेलात तरी मी तुम्हाला काही म्हणू शकत नाही.

एलाझार : एक विचारू? तुम्ही माझ्याशी बोललात, तेव्हा माझ्याकडे नीट बघितलंत. बहुतेक लोक बघत नाहीत. काय वाटलं होतं तुम्हाला?

आर्विद : वाटलं, हा माणूस कुणाची तरी वाट बघतोय. आणि न्यायला कुणी आलेलं दिसत नाही. वाईट वाटलं. पण मी घाईत होतो.

एलाझार : मग फारसं चुकला नव्हतात.

आर्विद : नाही ना.

एलाझार : इथिओपियात आमच्या गावातल्या लोकांना वाटायचं, जगात ज्यू म्हणून आपणच उरलोय. गोरे ज्यूही असतात, असं कुणीतरी येऊन सांगितलं, तर माझी आजी म्हणाली, अरेरे, काय झालं बिचाऱ्यांना? ऊन मिळालं नाही का?

आर्विद : इथे मिळत नाही, हे मात्र खरं.

एलाझार : तुमच्या घरचं ते सूप, त्या माणसाने काही शिल्लक ठेवलंय का?

आर्विद : सोलने तुमच्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवलं असेल. आणा ती बॅग इकडे.

एलाझार : बॅग घ्या. शिंग राहू दे माझ्याकडे.

आर्विद : पण एक आधीच सांगून ठेवतो. संध्याकाळी लोक तुमच्याकडे टक लावून बघतील. माणसं वाईट नाहीत, पण बघतील.

एलाझार : बघू देत. मी डोळे मिटून गातो.